उंचीचं प्रमाण

अण्णा,

तुम्हाला एक विचारायचं राहून गेलं. मी विसरले होते असं नाही. तुम्ही होतात तोवर माझं तोंड उघडलं नाही, आणि आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी ते मनातून हलत नाही. आई म्हणते, उगाच जुनं उकरत बसतेस. असेल. पण माझी खरी अडचण वेगळीच आहे. मला नीट आठवत नाही. त्या दिवशी कोण काय बोललं, कुणी काय ऐकलं, कोण गप्प राहिलं हे मी इतक्या वेळा मनात मांडून पाहिलंय, की त्यातलं खरं कोणतं आणि मी मागाहून घातलेलं कोणतं ते आता मलाच सांगता येत नाही. म्हणून पहिल्यापासून लिहिते. लिहिताना काही सुटेल असं वाटतंय, पण खात्री नाही.

मी सातवीत होते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी पुठ्ठ्याचं घर केलं होतं, आपलंच, द्वारका चौकाच्या मागचं दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरात दोऱ्याच्या रिळाला लाल कागद चिकटवून गॅसचा सिलिंडर केला होता आणि मला तो फार आवडला होता. तुम्ही कामावरून आलात, नखांतलं सिमेंट घासून हात धुतलेत, आणि चहा घेता घेता घराकडे पाहिलंत. "या घरात कोण राहतं?" म्हणालात. मी म्हटलं, आपण. "मग तुझी आई कुठं उभी राहते ते दाखव." मी बोट ठेवलं. "तिचं डोकं कुठवर येतं?" मला सांगता येईना. तुम्ही म्हणालात, "सिलिंडर दाराएवढा झालाय. या हिशोबानं आई एकतर वाकून आत येते नाहीतर तिला सिलिंडरवर चढून पोळ्या लाटाव्या लागतात. एखादी वस्तू आपल्याला आवडली म्हणून मोठी करायची नसते." मी रडले. तुम्ही समजूत काढली नाहीत, उठून टेप आणलीत. सिलिंडर मोजला, ओटा मोजला, दार मोजलं, आणि पोळ्या लाटणाऱ्या आईच्या टाचेपासून डोक्यापर्यंत टेप धरलीत. आई वैतागली, "माझी कसली मापं घेताय? मी काय पडदा आहे?" मग आपण सगळं पुन्हा केलं, एकास वीस या प्रमाणात. तुम्ही म्हणालात, "एकदा वीस ठरलं की दाराला वीस, आईला वीस, सिलिंडरला वीस. यात लाडकं-दोडकं करायचं नाही." ते वाक्य मला अक्षरशः आठवतं. पुढचं सगळं धूसर आहे आणि नेमकं हे वाक्य स्वच्छ आहे, हाच तर घोळ आहे. त्या आठवड्यात तुम्ही मला साहेबांनी टाकून दिलेली त्रिकोणी मोजपट्टी आणून दिलीत. तिच्या कडांवर सहा वेगवेगळी प्रमाणं कोरलेली होती. मला केवढा अभिमान. मी ती दप्तरात घेऊन फिरायची, वर्गातल्या मुली हसायच्या तरी.

त्याच वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत मी रोज दुपारी तुमचा डबा घेऊन शेडवर यायला लागले. तुम्ही पाटबंधारे खात्यात नद्यांची मॉडेलं करणारे मिस्त्री होतात आणि तेव्हा तुमच्या शेडमध्ये आईच्या माहेरची नदी चालली होती. हरसूलकडच्या त्या गावाखाली छोटं धरण व्हायचं होतं, आणि ते झाल्यावर वरच्या अंगाला पुराचं पाणी कुठवर चढेल ते बघायचं होतं. मला आठवतं, आधी तुम्ही ओळीनं पत्र्याचे साचे उभे करता, प्रत्येक साचा म्हणजे नदीचा त्या जागचा आडवा छेद. मग मधे वाळू भरता, वरून सिमेंटचा गिलावा, आणि थापी फिरवताना तुमची जीभ ओठांच्या कोपऱ्यात येते. वीस-बावीस मीटर लांबीची नदी. भिंतीवरच्या फळ्यावर तुम्ही खडूनं लिहून ठेवलंय, एकास दोनशे. म्हणजे इथला एक सेंटिमीटर तिथले दोन मीटर. मी नदीच्या कडेनं चालत जाते आणि पट्टी लावून तोंडी हिशोब करते. हा आंबा, इथून वळण चाळीस मीटर, इथं मामाची विहीर.

गावातली घरं तुम्ही सागाच्या तुकड्यांची केली होतीत. सगळ्यांची नाही, काठावरची तेवढी. आणि एक घर जास्तीचं, अजून न बांधलेलं, विहिरीजवळ. ते तुम्ही मामासाठी ठेवलं होतंत. ती घरं मला विचित्र वाटली. बुडाला दोन-तीन बोटं रुंद आणि उंचीला माझ्या पंजाएवढी. घरं कसली, मनोरे. नदीचे काठही असेच उभे, कड्यासारखे, आणि मामाच्या गावी तर मी त्या काठावरून घसरगुंडी करत खाली यायची, इतका तो पसरट होता. मी विचारलं, "अण्णा, मामाचं घर एवढं उंच का केलंय?" तुम्ही थापी पाण्यात बुडवत होतात. म्हणालात, "ते तसंच लागतं." एवढंच. की अजून काही म्हणालात? मला कधी कधी वाटतं तुम्ही पुढं सांगायला लागला होतात आणि मी घराला हात लावायला धावले. कधी वाटतं कुणीतरी तुम्हाला हाक मारली. आणि कधी अगदी खात्रीनं वाटतं, की तुम्ही एवढंच बोललात. मी मनात म्हटलं, अण्णांचं चुकलं. सिलिंडरवरून मला रडवलं आणि स्वतः घर ताणून ठेवलं. पण बोलले नाही. तुमची चूक काढण्याएवढी मी मोठी नव्हते, आणि खरं सांगायचं तर ती चूक सापडल्याचा मला गुपचूप आनंदही झाला होता.

मामा आला तो त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी. त्याचं जुनं घर बुडणार होतं हे नक्की होतं. नवं कुठं बांधायचं ते ठरत नव्हतं. एक जागा मळ्यात विहिरीजवळ, दुसरी वर टेकाडावर, खडकाळ, पाणी डोक्यावर वाहून न्यावं लागणारी. मामी टेकाड म्हणत होती आणि मामा मळा. तुम्ही म्हणालात, "या एकदा, पाणी सोडून दाखवतो." त्या दिवशी पाणी सोडलं होतं, पुराचं. मामा चपला काढून काठाशी उकिडवा बसला, देवळात बसल्यासारखा. "हे माझं घर व्हय?" त्यानं बोटं लावून पाहिलं. पाण्यापासून घराच्या बुडापर्यंत तीन बोटं. तेवढ्यात तुम्हाला साहेबांनी वरच्या टोकाला व्हॉल्व्हपाशी बोलावलं. तुम्ही गेलात. मामानं विचारलं, "दाजी तर गेले. तीन बोटं म्हंजे खऱ्यात किती गं?"

मी पट्टी काढली. मामाला सपाट फळी घराच्या बुडाशी आडवी धरायला सांगितली, पाण्यावर येईल अशी, आणि फळीपासून पाण्यापर्यंत पट्टी उभी धरली. तुम्हीच शिकवलं होतं. सहा सेंटिमीटर. सहा दुणे बारा. "बारा मीटर, मामा. चाळीस फूट."

"चाळीस!" मामा हसायला लागला. "अगं चाळीस फूट म्हंजे आपल्या आंब्याच्या शेंड्यावर गेलं. तिथं कोण येतंय!"

तुम्ही परत आलात तेव्हा तो म्हणाला, "दाजी, भाचीनं हिशोब करून सांगितला. लय वर हाय आपण." आणि तुम्ही माझ्या डोक्यावर ओला हात ठेवून म्हणालात, "तिचा हिशोब पक्का असतो."

अण्णा, तुम्ही आकडा का विचारला नाहीत? मला हे विचारायचंय. "किती सांगितलंस?" एवढं विचारलं असतं तर मी छाती फुगवून बारा मीटर म्हटलं असतं आणि तुम्ही तिथंच कपाळाला हात लावला असतात. तुमचा भरवसा होता माझ्यावर म्हणून विचारलं नाही, की साहेब काहीतरी बोलले होते आणि लक्ष तिकडं होतं? की मामानं आकडा सांगितलाच होता आणि पाण्याच्या आवाजात तुम्हाला ऐकू आला नाही? मी मामाला तेव्हा "चाळीस फूट" म्हणताना ऐकते कधी कधी, तुमच्यासमोर. कधी नाही ऐकत.

मामानं मळ्यात घर बांधलं. वास्तुशांतीला आपण सगळे गेलो होतो. मांडवात मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "आमच्या दाजींनी पाण्याचं माप काढून दिलंय, चाळीस फूट वर हाय आपण." माझं नाव त्यातून केव्हाच गळलं होतं, आणि मला राग आला होता, हिशोब माझा आणि मान तुमचा म्हणून. तुम्ही पंगतीत दोन-तीन पानं सोडून बसला होतात. तुम्ही ऐकलंत का? तुम्ही खाली मान घालून जेवत होतात, पण तुम्ही नेहमीच खाली मान घालून जेवायचात.

सहा वर्षांनी मी डिप्लोमाला होते, सिव्हिलला. दुपारचा तास. सरांनी फळ्यावर नदीचं मॉडेल काढलं आणि सांगितलं, नदी रुंद असते पण पाणी उथळ. सगळंच दोनशेनं लहान केलं तर पाण्याचा नुसता पापुद्रा उरतो, तो वाहत नाही, सिमेंटला चिकटून बसतो. म्हणून अशा मॉडेलमध्ये लांबी-रुंदीला एक प्रमाण घेतात आणि उंचीला दुसरं. लांबी-रुंदी एकास दोनशे असेल तर उंची एकास पन्नास. मी वहीत लिहून घेतलं आणि मग माझा हात थांबला. सहा सेंटिमीटर, पन्नास पट. तीन मीटर. दहा फूट. ते मनोरे. ते कड्यासारखे काठ. तुमचं चुकलं नव्हतं. तुमच्या त्या फळ्यावर एकास पन्नासही लिहिलेलं होतं का? शेजारी, किंवा खाली, बारीक अक्षरात? मी खूप आठवून पाहिलं. मला फक्त दोनशे दिसतात.

घरी आले. तुम्ही ओट्याशेजारी पाटावर बसून लसूण सोलत होतात, आईला बरं नव्हतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अण्णा, नदीच्या मॉडेलला उंचीचं प्रमाण वेगळं असतं का हो?" तुम्ही म्हणालात, "असतं की. नाहीतर पाणी वाहायचंच नाही." आणि मग वर पाहिलंत. लसणाची पाकळी हातात तशीच. किती वेळ पाहिलंत ते मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, "कॉलेजात शिकवलं आज." तुम्ही म्हणालात, "चांगलंय." आणि पुन्हा सोलायला लागलात.

तेव्हा तुम्हाला कळलं का? मला वाटतं कळलं. मला वाटतं तुम्ही त्या क्षणी मामाचं बोलणं आठवून सगळा हिशोब केलात. मग लगेच वाटतं, नाही, तुम्ही फक्त पोरगी शिकतेय म्हणून पाहत होतात, आणि मी माझं ओझं तुमच्या नजरेत ठेवतेय. तेव्हा मी स्वतःची समजूत घातली होती, की दहा फूटही काही कमी नाही. घर तर बांधून झालंय. उगाच मामाची झोप कशाला उडवायची.

पूर आला तेव्हा मी नोकरीला लागले होते. तीन दिवस झड लागली होती. धरण भरून सांडव्यावरून वाहत होतं आणि वरून नदी येतच होती, झाडं, ओंडके घेऊन. गावाखालच्या, धरणाच्या अलीकडच्या पुलाशी ते ओंडके अडकले आणि पाणी मागं तुंबलं. सकाळची दहा-अकराची वेळ. वरच्या आळीतली माणसं टेकाडावरून हाका मारत होती, बैलं सोड, वर ये. मामानं ओरडून सांगितलं, "माझं घर चाळीस फूट वर हाय!" हे मला मामीनं सांगितलं. ती सांगताना हसली होती, आणि तसं हसणं मला नको होतं. पाणी ओसरीला लागल्यावर मामा गोठ्याकडं धावला. दावी ओली होऊन आवळली होती, सुटेनात. एक बैल दाव्यालाच गेला, दुसरा सोडवताना गोठ्याची तुळई मामाच्या पायावर आली. लोकांनी दोर टाकून त्याला काढलं. मामी छपरावर होती. दुसरा बैल दोन दिवसांनी पुलाशी सापडला.

मामा आपल्याकडे आला तो दीड-दोन महिन्यांनी, कुबडी घेऊन. तुम्ही रिटायर झाला होतात, दम लागायचा, कॉटवरच असायचात. मी चहा घेऊन दारात उभी होते. मामानं खुर्ची घेतली नाही. म्हणाला, "दाजी, मला एकच सांगा. तुम्ही चाळीस फूट म्हणाला होता का नव्हता?"

मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो माझ्याकडं पाहतच नव्हता. त्याला खरंच तसं आठवत होतं, की भाचीला मधे आणायचं नाही असं त्यानं वाटेतच ठरवलं होतं? तुम्ही मात्र माझ्याकडं पाहिलंत. एकदाच. मग त्याच्याकडं वळून म्हणालात, "हो. मीच म्हणालो होतो. चुकलं माझं, पाव्हणं."

"चुकलं?" मामा म्हणाला. "सरकारचं माप तुम्ही काढायचं, अन् घरच्या माणसाला चुकीचं सांगायचं?"

"चुकलं," तुम्ही पुन्हा म्हणालात.

माझ्या हातात ट्रे होता. मला बोलायचं होतं. "अण्णा नाही, मी" एवढे तीन शब्द. ते आले नाहीत. मामा चहा न घेता गेला. आई त्याच्यामागं जिन्यापर्यंत गेली आणि परत आल्यावर तुमच्याशी कितीतरी दिवस कामापुरतंच बोलली. ताट आणून ठेवायची आणि आत जायची. तुम्ही तिलाही काही सांगितलं नाहीत. मी पण नाही.

त्यानंतर तुम्ही दीड वर्ष होतात. या दीड वर्षात एकदा तरी, आपण दोघंच असताना, मी विचारायला हवं होतं, की तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात की तुम्हाला खरंच वाटत होतं की तुम्हीच म्हणाला होतात. कारण तेव्हा तुमची आठवण जायला लागली होती. तुम्ही औषध घेऊन पुन्हा मागायचात. मला कधी वाटतं, तुम्ही मला वाचवलंत. कधी वाटतं, तुम्हाला काही आठवतच नव्हतं, मामा एवढं ठाम बोलतोय म्हणजे आपणच म्हणालो असू असं तुम्ही मानलंत, आणि तुमच्या आयुष्यातलं एकमेव खोटं माप माझ्यामुळं तुमच्या माथी राहिलं. आणि कधी तर असंही वाटतं, की तुम्ही म्हणालात तेच खरं. उंचीचं प्रमाण वेगळं असतं हे तेरा वर्षांच्या पोरीला सांगणं तुमचं काम होतं, आणि "ते तसंच लागतं" म्हणून तुम्ही थांबलात, तेच चुकलं म्हणून तुम्ही कबूल केलंत. यातलं कोणतं? मी प्रत्येकावर काही महिने विश्वास ठेवून पाहिलाय.

तुमच्या दहाव्याला मामा आला होता. रामकुंडावर कुबडी टेकून लांब उभा राहिला. कावळा लवकर शिवेना तेव्हा तो पुढं आला, हात जोडून पिंडाशी काहीतरी पुटपुटला आणि मागं सरला. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. कावळा त्यानंतरच शिवला असं आई सांगते. माझ्या आठवणीत तसं नाही, बराच वेळ गेला होता.

गेल्या वर्षी मामीला भेटले. ते आता टेकाडावर राहतात, नळ आलाय तिथं. मी विषय काढला, आडूनच. मी म्हटलं, "मामी, अण्णांनी दहा फूट सांगितलं असतं तर मामानं वर बांधलं असतं का?" मामी म्हणाली, "कसलं काय! तुझ्या मामाला मळाच पाहिजे व्हता. इहीर सोडून तो हालला नसता. कुणी काय बी सांगितलं असतं तरी." मला एकदम हलकं वाटलं. मग परतीच्या एसटीत आठवलं, बैल सोड म्हणून लोक ओरडत होते तेव्हा तो कोणता आकडा ओरडला ते.

मी आता बिल्डर लोकांना इमारतींची मॉडेलं करून देते. प्रत्येक मॉडेलच्या कोपऱ्यात प्रमाण लिहिते, लांबी-रुंदीचं वेगळं आणि उंचीचं वेगळं, दोन्ही एकच असली तरी. गिऱ्हाईक विचारतात, हे दोनदा का लिहिलंय? मी म्हणते, आमच्याकडं तशी पद्धत आहे.

एक सांगते आणि थांबते. हे पत्र लिहायला हवं होतं ते मामाला. तो आहे अजून, त्याचा पत्ता आहे माझ्याकडं, तो चष्मा लावून वाचतोही. तीन वेळा मी वर "मामा" लिहून कागद पुढं घेतला आणि तीनही वेळा तिथंच थांबले. मग "अण्णा" लिहिलं आणि भराभर सुचत गेलं. तुम्ही उलट काही विचारणार नाही, म्हणून.